सगळं सुरळीत चालू असताना आपल्या टीमचं काम वरच्यांना कसं पटवायचं?

सर्व्हरवाला_पुणे:
आमची डेटाबेस आणि बॅकअप बघणारी छोटी टीम आहे. या क्वार्टरला जुना डेटाबेस नव्या व्हर्जनवर नेला, कुणाला कळलंसुद्धा नाही इतकं नीट झालं. आता बजेट मिटिंगमध्ये फायनान्सवाले म्हणतात, सगळं चालूच आहे तर एवढी माणसं कशाला? अपटाइम (सिस्टिम किती वेळ चालू होती ते) ९९.९५ टक्के असं स्लाइडवर टाकतो पण समोरचे मोबाइल बघत बसतात, आणि सेल्सवाले एका कस्टमरचा किस्सा सांगून भाव खाऊन जातात. काय करायचं?

ऑनकॉल_ताई:
९९.९५ म्हणजे महिन्याला साधारण २२ मिनिटं बंद. ती २२ मिनिटं कधी आली ते सांग ना. रविवारी पहाटे तीनला आली तर कुणाला फरक पडत नाही, पण एक तारखेला पगाराची फाइल बँकेत जाताना आली तर अख्ख्या कंपनीचे फोन सुरू होतात. तिथून सुरुवात कर, टक्के शेवटी.

जुना_कोबोलवाला:
वायटूकेच्या वेळी, म्हणजे २००० साल लागताना कॉम्प्युटर तारखा चुकवतील अशी भीती होती तेव्हा, हेच बघितलंय. वर्षाचे दोनच आकडे साठवलेले, ते शोधून दुरुस्त करण्यात लोकांची वर्षं गेली आणि १ जानेवारी २००० ला फारसं काही बिघडलं नाही म्हटल्यावर लोक म्हणाले उगाच बाऊ केला. काम होण्याआधी काय धोका होता हे दाखवलं नाही तर नंतर कोणी विश्वास ठेवत नाही.
नासाच्या चॅलेंजर अंतराळयानाचं पण बघा. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री इंजिनियर तक्ते दाखवून सांगत होते की एवढ्या थंडीत उड्डाण नको, ऐकलं नाही, दुसऱ्या दिवशी सात जण गेले. पुढे चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी ओ-रिंगच्या (रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या कडीच्या) रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला, तो थंडीत लवकर पूर्ववत होत नाही हे सगळ्यांना तिथल्या तिथे कळलं. माहिती तीच होती हो, फक्त डोळ्यांसमोर आली.

सर्व्हरवाला_पुणे:
नव्या व्हर्जनवर नेण्याआधी बॅकअपमधून डेटा परत आणून बघितला तेव्हा बिलिंगचं एक टेबल (डेटाचा तक्ता) बॅकअपमध्ये येतच नव्हतं असं सापडलं, लगेच दुरुस्त केलं. हे सांगण्यासारखं आहे का?

ऑनकॉल_ताई:
अरे हेच सांग! आधी बिलिंगवाल्यांना विचार की ते टेबल गेलं असतं तर किती इनव्हॉइस हाताने परत काढावी लागली असती. फुगवून सांगू नकोस, ते देतील तोच आकडा घे, आणि जमलं तर मिटिंगमध्ये त्यांच्यापैकीच कुणालातरी बोलू दे.