साथीवर बोलणाऱ्या प्राध्यापकांचा पैसा आणि ईमेल : माहिती कुठवर मागायची?

काठावरचा
करोनाच्या काळात मास्क, लस, शाळाबंदी यांवर आपण ज्यांचं ऐकलं, त्यांतले बरेच जण विद्यापीठांत शिकवणारे संशोधक होते. त्यांच्या संशोधनाला पैसा कुठून येतो हे कुणी माहितीच्या कायद्याखाली विचारलं, की लगेच 'हा शास्त्रज्ञांचा छळ आहे' असं म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही.

एकच उदाहरण देतो. फेब्रुवारी 2020 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 27 शास्त्रज्ञांचं निवेदन आलं. विषाणू नैसर्गिक नाही असं सुचवणाऱ्या कटकथांचा त्यात कडक निषेध होता आणि आपले कोणतेही हितसंबंध गुंतलेले नाहीत असंही जाहीर केलेलं होतं. मसुदा मात्र इकोहेल्थ अलायन्स या संस्थेच्या प्रमुखाकडून आला होता आणि ही संस्था अमेरिकी सरकारच्या अनुदानातून वुहानच्या विषाणू संस्थेबरोबर काम करत होती. मसुदा कुणाचा हे नोव्हेंबर 2020 मध्ये बाहेर आलं, तेही माहितीच्या कायद्याखाली मिळवलेल्या ईमेलमधून. हितसंबंधांची पुरवणी 'लॅन्सेट'ने छापली जून 2021 मध्ये. विषाणू आला कुठून हा वाद वेगळा आहे, तो इथे नको. माझं म्हणणं एवढंच, की अर्ज केला नसता तर हे कळलंच नसतं.

पायवाट
ठाम असहमत. तुम्ही कामी आलेला एक अर्ज दाखवलात, मी दुसरी बाजू दाखवते.

2009 च्या जुलैमध्ये ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या हवामान संशोधन केंद्रावर काही दिवसांतच पन्नासहून जास्त अर्ज येऊन पडले. मजकूर तोच, फक्त देशांची नावं बदललेली. केंद्र लहान, माणसं मोजकी. याला माहिती मागणं म्हणायचं का?

साथीत हे प्रकरण जिवावर आलं. करोनाबद्दल माध्यमांत बोललेल्या 321 शास्त्रज्ञांची 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने 2021 मध्ये पाहणी केली, त्यात 15 टक्क्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आलेल्या होत्या. न्यूझीलंडच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सूझी वाइल्स यांनी लोकांना सोप्या भाषेत विषाणू समजावला. त्यांना इतका त्रास झाला की त्या स्वतःच्या विद्यापीठाविरुद्ध रोजगार न्यायालयात गेल्या. ऑकलंड विद्यापीठ त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी पाळण्यात कमी पडलं, असा निकाल जुलै 2024 मध्ये लागला. त्या देशाच्या कायद्यात विद्यापीठाने समाजाचा टीकाकार आणि सद्सद्विवेक व्हावं असं लिहिलंय. पण सद्सद्विवेक होणाऱ्या माणसावर रोज अर्जांचा मारा होणार असेल, तर पुढच्या साथीत बोलायला पुढे येणार कोण?

काठावरचा
धमक्या हा गुन्हा आहे, त्यावर दुमत नाही. पण धमकी देणारा आणि अर्ज करणारा यांना एका माळेत ओवू नका.

ईस्ट अँग्लियाचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. 2010 च्या म्युअर रसेल चौकशीने त्या शास्त्रज्ञांच्या सचोटीवर शंका नाही असं स्पष्ट म्हटलं, आणि त्याच अहवालात पुरेसा खुलेपणा दाखवण्यात ते सातत्याने कमी पडले असंही म्हटलं. दीर्घकालीन थकव्याच्या आजारावरची पेस चाचणीही आठवा. एका रुग्णाने तिचा विदा (डेटा) मागितला. क्वीन मेरी विद्यापीठाने तो नाकारण्यासाठी वकिलांवर दोन लाख पौंडांहून जास्त खर्च केले. 2016 मध्ये लवादाने विदा द्यायला लावला. चाचणीच्या मूळ निकषांनी पुन्हा हिशेब केल्यावर बरे झालेल्यांचं प्रमाण बरंच खाली आलं. त्या रुग्णालाही आधी त्रास देणाराच ठरवलं होतं.

टेबल नंबर चार
एरवी फक्त वाचतो, पण हे माझं रोजचं काम होतं म्हणून लिहितो. मी सहा वर्षं एका विद्यापीठाच्या माहिती कक्षात होतो. साथीआधी आठवड्याला दोन-तीन अर्ज. नंतर एका प्राध्यापिकेच्या नावाने एका महिन्यात त्याहून कितीतरी जास्त. त्यातला एक होता, 'साथ' हा शब्द असलेले तिचे चौदा महिन्यांचे सगळे ईमेल द्या. त्यांत विद्यार्थ्यांच्या आजारपणाच्या रजा होत्या, एका सहकाऱ्याच्या आईच्या मृत्यूबद्दल होतं, इतरांच्या अप्रकाशित शोधनिबंधांवरचे अभिप्राय होते. एकेक वाचून नावं काळी करायची. आम्ही दोघं होतो आणि ती प्राध्यापिका स्वतः, रात्री, तास संपल्यावर. वरिष्ठांना मनुष्यबळ मागितलं, मिळालं नाही. तिने नंतर मुलाखती देणं बंद केलं.

त्याच काळात दुसरा अर्ज आला. औषध कंपन्यांकडून विभागाला पाच वर्षांत किती पैसे आले? उत्तर एका पानात गेलं आणि त्यावर पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

पायवाट
हेच म्हणतेय. पैसा उघडा, ईमेलची पेटी नको. मसुद्यावर भांडताना माणसं कच्चं बोलतात, आणि तसं बोलू दिलं नाही तर विज्ञान पुढे जाणार नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही हवामानशास्त्रज्ञ मायकल मान यांचे विद्यापीठातले ईमेल देण्यातून वगळले होते.

तिसरी घंटा
पेटी अजिबात नको हेही चालणार नाही. सरसकट टाळेबंदीला विरोध करणाऱ्या ऑक्टोबर 2020 च्या ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनाम्यावर 'झटपट आणि जबरदस्त' तोडीचं प्रत्युत्तर छापून यायला हवं, असं अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचे (एनआयएच) तेव्हाचे संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी तिथलेच साथरोगतज्ज्ञ अँथनी फाउची यांना लिहिलं होतं. अनुदान वाटणारा माणूस हे लिहीत होता आणि कळलं ते ईमेलमधूनच. (मला स्वतःला तो जाहीरनामा चूक वाटतो, तरीही हे कळायला हवं होतं.)

पण खरी खोच वेगळीच आहे. त्या जाहीरनाम्याच्या तीन मुख्य लेखकांपैकी ऑक्सफर्डच्या सुनेत्रा गुप्ता यांच्या विद्यापीठाला ब्रिटनचा माहितीचा कायदा लागू होतो. बाकी दोघांची हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड खाजगी, तिथे असा अर्ज चालत नाही. जाहीरनाम्यामागची संस्थाही खाजगीच. म्हणजे सार्वजनिक विद्यापीठातल्या माणसाची झडती आणि खाजगी पैशावर बोलणाऱ्याला कुणी विचारायचंच नाही.

काठावरचा
हा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. मान्य. मग प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाने अनुदानं, मानधनं, सल्लागारपदं अर्जाची वाट न बघता दरवर्षी स्वतःहून छापावीत, आणि मोठ्या नियतकालिकांनी खाजगीवाल्यांकडूनही तेवढंच मागावं. पण जाहीर निवेदन कुणी लिहिलं, कुणी सह्या गोळा केल्या, एवढे ईमेल मी सोडणार नाही.

टेबल नंबर चार
तेवढेच मागा, तारखा आणि निवेदनाचं नाव लिहून. असा अर्ज आमच्याकडे आला असता, तर दोन दिवसांत निघाला असता.