'हलकी सुगंधी तंबाखू' म्हणजे नक्की काय?

धागाकर्ता

माझे एक काका गेली चाळीसेक वर्षं डेन्मार्कात, ओडेन्सला असतात. पाईप ओढतात, आणि नवा डबा उघडला की त्याबद्दल वहीत पाच-सहा ओळी लिहून ठेवतात. वही इंग्रजीत. यंदा आले तेव्हा म्हणाले, "चव घेतली मराठी जिभेने आणि लिहिली परक्या भाषेत. एवढं एक पान मराठीत करून दे."

पहिल्याच ओळीत अडकलो. मिश्रण साधंच आहे: व्हर्जिनिया आणि बर्ली या तंबाखूच्या दोन जाती, थोडी काळी कॅव्हेंडिश (वाफवून, दाबून काळी केलेली तंबाखू), आणि वरून व्हॅनिलाचा अगदी नावापुरता वास. मी लिहिलं, "हलकी सुगंधी तंबाखू." बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "कुठल्या नाक्यावर पकडली?"

तिचंही बरोबर. २०१२ साली आपल्याकडे गुटखाबंदी झाली, पुढच्याच वर्षी सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही तीत आली. तेव्हापासून 'सुगंधी तंबाखू' हे शब्द टेम्पो, पोती आणि पंचनामा यांच्याबरोबरच कानावर पडतात. 'हलकी' तर त्याहून वाईट. हलक्या प्रतीची, असंच कुणीही वाचेल. काकांचा डबा चांगला महाग आहे हो.

शिवाय पाईप ओढून जिभेला होणाऱ्या त्रासाचा शब्द हवाय, इंग्रजीत 'टंग बाइट'. भाषांतराच्या यंत्राला विचारलं तर त्याने 'जीभ चावणे' दिलं. ती तर आपणच चावतो, जेवताना.

अडकित्ता

'हलकी'त तीन गोष्टी मिसळल्यात. एक, तंबाखूची ताकद, म्हणजे डोकं गरगरतं का. दोन, वास किती लावलाय. तीन, धूर तोंडात भरीव लागतो की पातळ. ताकदीला विडीवाल्यांचा 'कडक' आहे, त्याच्या उलट 'सौम्य'. वास कमी असेल तर 'माफक', 'पुसट'. धूर पातळ असेल तर सरळ 'पातळ' म्हणा, ताकाला म्हणतो तसं. एखादी तंबाखू कडक असून वासाला पुसट असू शकते, आणि गोड वासाचा नुसता घमघमाट असलेली बरेचदा सौम्यच निघते. सगळ्याला 'हलकी' म्हटलं की वाचणाऱ्याला काही कळत नाही.

अवांतर: तो तंबाखू की ती तंबाखू? आमच्या घरी आजोबा 'तो' म्हणत, आजी 'ती'. दोघं एकाच पुडीतली खात.

निपाणीकर

दोन्ही चालतं, भांडू नका.

मी वखारींच्या गावचा, म्हणून थोडं. आमच्याकडची तंबाखू विडीची. उन्हात वाळवायची, कुटायची, चाळायची. वखारीच्या दारातून नुसतं गेलं तरी खकाणा नाकात शिरतो आणि शिंका सुरू होतात. खकाणा म्हणजे तंबाखूची किंवा मिरचीची ती बारीक, नाकात झोंबणारी धूळ. पाईपवाल्यांच्या व्हर्जिनियाचं सगळं वेगळं. आपल्या देशात ती मुख्यतः आंध्रात आणि कर्नाटकात मैसूरकडे होते. तंबाखू मंडळाचं मुख्यालय म्हणूनच गुंटूरला आहे. तिची पानं बंद खोलीत, नळ्यांतून खेळवलेल्या उष्णतेवर आठवडाभर वाळवतात, धूर लागू न देता. पान पिवळं पडताना त्यातल्या पिठुळाची (स्टार्चची) साखर होते आणि ती तशीच टिकते. म्हणजे व्हर्जिनियाचा गोडवा अंगचाच. बर्ली हवेवर, सावलीत वाळते. तिच्यात साखर जवळजवळ उरतच नाही. पण पान सच्छिद्र, स्पंजासारखं, त्यामुळे पाजाल ते पिते. पांढरी बर्ली सापडली १८६४ साली, अमेरिकेत ओहायोमध्ये, आणि वास लावायच्या धंद्याला तेव्हापासून हक्काचं पान मिळालं.

म्हणून 'सुगंधी' हा शब्द मला अपुरा वाटतो. वास अंगचा की लावलेला, हे त्यात कळतच नाही. आंबेमोहोर तांदळाला आपण 'वासाचा तांदूळ' म्हणतो, त्यात कुणी मोहोर घातलेला नसतो. 'वासाचं तेल' म्हणतो तेव्हा मात्र वास घातलेला असतो.

पाटावरवंटा

'वासाची तंबाखू' मला आवडलं, पण माझी मुलगी 'वास येतोय' म्हणते तेव्हा मी मोरी धुवायला घेते. 'वास' शब्द गेल्या पिढीत बिघडला.

लावलेल्या वासाबद्दल: माझ्या माहितीप्रमाणे हा वास दोनदा लावतात. आधी पान ओलसर असताना साखर, ज्येष्ठमध, कोको वगैरेंचा पाक पाजतात आणि मुरू देतात. मग पान कापून झालं की अगदी शेवटी व्हॅनिला किंवा रमसारखा उडता वास फवारतात. पहिल्याने चव गोलाई घेते; दुसरा डबा उघडताच नाकात येतो आणि अर्ध्या पाईपनंतर सापडत नाही. स्वयंपाकघरात दोन्हींना शब्द आहेत. पहिलं मुरवणं, लोणच्यासारखं. दुसरं शिंपणं, बिर्याणीवर शेवटी केवड्याचं पाणी शिंपतात तसं.

वैद्यबुवा

मुरवण्याला आमच्याकडे याहून नेमका शब्द आहे: भावना. चूर्णाला आवळ्याच्या रसाची भावना द्यायची, म्हणजे रसात भिजवून घोटायचं, सुकवायचं, पुन्हा भिजवायचं. "बर्लीला ज्येष्ठमधाची भावना दिलेली आहे." काय वाईट आहे?

तिरकस

तंबाखूच्या भावना दुखावतील.

अडकित्ता

हसू आलं, पण आक्षेप खरा आहे. वैद्यकाबाहेर 'भावना' चालणार नाही, दर वेळी तळटीप द्यावी लागेल. 'मुरवलेली' पुरे.

बरं, क्रियापद कोणतं घेताय? विडी ओढतात. चिलीम आणि हुक्का मात्र जुनी माणसं 'पीत'. आमच्या गावात अजून "चिलीम पिऊन येतो" म्हणतात. धूम्रपानातही 'पान' आहेच. पाईपचा धूर छातीत घ्यायचा नसतो. तोंडात घोळवायचा, थोडा नाकावाटे सोडायचा, आणि सावकाश. गरम चहाच्या घोटासारखं. म्हणजे 'पिणे' इथे 'ओढणे'पेक्षा जवळचं. ओढलं की बिघडतं, हेच तर पाईपवाले नवशिक्याला पहिल्यांदा सांगतात.

निपाणीकर

आणि पेटवण्याला 'शिलगावणे'. तो शब्द मरू देऊ नका.

जिभेच्या त्रासाबद्दल आमच्याकडचे शब्द: चुना जास्त झाला की 'तोंड भाजलं', सुरण कच्चा राहिला की 'घसा खाजतो', अननस जास्त खाल्ला की 'जीभ चरचरते'. काकांना नेमकं काय होतं ते विचारा.

धागाकर्ता

विचारलं. काका सांगतात, चटका बसल्यासारखं नाही. तंबाखू ओलसर असली आणि घाईने ओढली की धुराबरोबर वाफ येते. वर व्हर्जिनियाची साखर. जिभेचं टोक सोलवटल्यासारखं होतं, दुसऱ्या दिवशी आमटीसुद्धा झोंबते. उपाय एकच: डब्यातून काढलेली तंबाखू कागदावर पसरून थोडा वेळ सुकू द्यायची, चिमटीत दाबली तर चिकटून गोळा राहता कामा नये. वासाच्या मिश्रणांत ओल धरून ठेवणारं द्रव्य घालतात, त्यामुळे ती मुद्दाम सुकवावी लागतात. मग 'चरचरते' घेतो.

आता दुसरा पेच. त्यांच्या वहीत दोन रकाने आहेत. एक स्वतःला लागलेली चव, दुसरा खोलीत बसलेल्या इतरांना येणारा वास. हे दोन कधीच जुळत नाहीत म्हणे. काकूंना खोलीभर बेकरीचा वास येतो आणि काकांच्या तोंडात कोमट पाणी.

पाटावरवंटा

दरवळ! चव ओढणाऱ्याची, दरवळ शेजाऱ्याचा.

तिरकस

दरवळ मोगऱ्याचा असतो. लाटाकिया नावाची तंबाखू लाकडाच्या धुरावर धुरवतात, सायप्रसची प्रसिद्ध आहे. ती पेटवली की जळलेलं टायर म्हणून शेजारी खिडक्या लावतात. ओढणारा स्वर्गात. तिचा 'दरवळ' म्हणाल? शेजारी सुके बोंबील भाजले तर 'दरवळ सुटला' असं आमच्या इमारतीत कुणी म्हटल्याचं ऐकलं नाही. मी म्हणतो, पण मी मालवणचा.

पाटावरवंटा

मग 'घरातला वास' लिहा. चांगला असेल तर दरवळ, नसेल तर दर्प. शब्दानेच गुण दिले जातील.

नाकपुडी

उशिरा आले. वेगळंच सांगते. वडील पाईप ओढत, त्यांना तोंडाचा कर्करोग झाला. धूर छातीत घेत नाही म्हणजे धोका नाही, असं तेही म्हणायचे. तेव्हा 'सौम्य' हा शब्द जपून वापरा, इतकंच. ती सौम्यता जिभेला, शरीराला नव्हे.

शब्दांत भर: पाईप संपल्यावर तळाशी ओलं, न जळलेलं काही उरतं. वडील ते टीपॉयवरच्या पितळी वाटीत ठोकून काढायचे आणि आई ती वाटी दोन बोटांनी धरून बाहेर न्यायची. चिलमीत जळून उरतं त्याला 'गुल' म्हणतात, पण ते कोरडं. हे ओलं, काळं, कडू. आई त्याला 'चोथा' म्हणायची.

अडकित्ता

चोथा. याच्यापुढे काही सुचवण्यात अर्थ नाही. वडिलांचं वाचून वाईट वाटलं. 'सौम्य'बद्दल तुमचं पटलं. 'ताकद कमी' लिहावं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पान असं झालं:

"डबा उघडल्याबरोबर व्हॅनिला, पण लाजरी, मागून सुकलेल्या गवताच्या गंजीचा वास. ओल जास्त, तासभर पसरून ठेवली. दुसऱ्यांदा शिलगावल्यावर नीट पेटली. पहिला एक तृतीयांश पाईप गोडसर, तो गोडवा व्हर्जिनियाचा अंगचा. मग बर्ली पुढे येते: भाजलेल्या शेंगदाण्याचं तांबडं साल, किंचित तुरट. शिंपलेला वास इथे संपतो, मुरवलेला शेवटपर्यंत राहतो. ताकद कमी. धूर पातळ, पण अळणी नाही. घाईत प्यायलो तेव्हा जीभ चरचरली, चूक माझी. चोथा थोडाच. घरातला वास: हिला आवडला, पडद्यांना सकाळी आला नाही. वास माफक लावलेल्या मिश्रणांत वरचं. पुन्हा घेईन, रोज नाही."

काकांना फोनवर वाचून दाखवलं. 'लाजरी'ला हसले, 'चोथा' दोनदा म्हणवून घेतला. 'चरचरली'पाशी मात्र थांबवलं. म्हणाले, चरचरते ती जखमेवर मीठ पडल्यावर. ही त्याहून धाकटी, ऊन लागलेल्या कातडीवर आंघोळीचं पाणी पडतं तशी. 'चुरचुरली' कर.

केलं.