किती वेळात किती पानं? विदर्भातल्या गावागावांतून वाचण्याच्या वेगाचे अनुभव

आमच्या वाचनालयातून पुस्तक पंधरा दिवसांसाठी मिळतं. कोणी चौथ्या दिवशी परत आणून दुसरं मागतं, कोणी दोनदा मुदत वाढवून घेतं. पुस्तक दोघंही संपवतात, दोघांनाही ते आवडलेलं असतं. मग एवढा फरक कशानं पडतो? बैठकीत विषय निघाला तेव्हा सगळे पानं मोजायला लागले आणि गाडी तिथंच अडकली. म्हणून इथं विचारतो. तासाला किती पानं ते खुशाल सांगा, पण कुठं बसून वाचता, कोणत्या महिन्यात, मनात की मोठ्यानं, स्वतःसाठी की दुसऱ्या कोणासाठी, हेही लिहा. आपापल्या बोलीत लिहा, शुद्धलेखन कोणी तपासणार नाही.
(वाचनालयवाला, दारव्हा तालुका, यवतमाळ)

शेतकरी, दिग्रस तालुका

माहं वाचन लाइनीवर, म्हंजे विजेवर हाये. गव्हाच्या ओलिताले लाइन एक हप्ता दिवसा राह्यते, एक हप्ता रातची. दिवसाच्या हप्त्यात एक पान होत नाई. रातच्या पाळीत मोटर चालू केली, दांड फोडून पानी वाफ्यात सोडलं का वाफा भरेलोक बसाच लागते. डोक्साले बॅटरी बांधेल असते, तिच्याच उजेडात वाचतो. वाफा लहान असला तं दोन पानं, धुऱ्याकडचा मोठा असला तं पाच-सहा. आता सवयच अशी पडली का घरी खाटेवर बसून वाचलं तरी पाच-सहा पानं झाली का हात फावडं पाह्यते. गोष्टीच्या पुस्तकाले हे चालून जाते. कादंबरीत मानसं लय असली का भुलतो, म्हून मागच्या कोऱ्या पानावर नावं लिहून ठेवतो, कोन कोनाचा साळा अन् कोन कोनाचा भासरा. साप-विंचवाच्या भेवानं अर्धं ध्यान पायाखाली राह्यते ते वेगळंच. पावसाळ्यात काय वाचतो म्हनसान, तं काईच नाई.

गृहिणी, बाळापूर तालुका, अकोला

माझे वेग दोन. दुपारी भांडी आटोपली, सगळे झोपले की मनातल्या मनात वाचते तेव्हा तासाला तीसेक पानं सहज होतात. दुसरा वेग सासूबाईंचा. त्यांना वाचता येत नाही, पण ऐकून ऐकून गजानन विजय जवळजवळ पाठ आहे. एकवीस अध्याय, आम्ही रोज सात असं तीन दिवसांत पारायण करतो. लग्न झाल्यावर पहिल्या पारायणाला मी भराभर निघाले होते, स्वयंपाक व्हायचा होता. अर्ध्या अध्यायात त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाल्या, "हळू वाच वं, देवाले गाडी पकडाची नाई." एखादी ओवी नजरेतून सुटली तर डोळे मिटूनच सांगतात, मधातलं राह्यलं म्हणून.

मंदिरात सामूहिक पारायण असतं तेव्हा आणखी वेगळं. ज्यांना पाठ आहे त्या पुढे पळतात, नव्या बायका बोट ठेवून मागून येतात, आणि अध्याय संपताना शेवटच्या ओवीपाशी सगळ्या एकमेकींची वाट बघत थांबतात. तिथं कोणी कोणाला मंद म्हणत नाही.

पोथीवरून पुढं मी त्यांना कादंबऱ्याही वाचून दाखवायला लागले. रात्रीला दहा पानं, त्याहून जास्त नाहीच, कारण दर पानाला प्रश्न. हे तिच्या माहेरचं घर का? मग भाऊ कुठं गेला होता? एवढं सोनं आलं कुठून? सुरुवातीला वैताग यायचा. मग एका कादंबरीत पहिल्या प्रकरणात बाजारात विकलेली म्हैस पुढं परत गोठ्यात दूध द्यायला लागली, आणि ती पकडली कोणी, तर सासूबाईंनी. तीच कादंबरी मी आधी दोन दुपारांत संपवली होती. मला काही ती म्हैस दिसली नव्हती.

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुसद

अभ्यासिकेत आम्ही पुस्तक वाचत नाही, रीडिंग मारतो. राज्यघटनेच्या पुस्तकाची पहिली रीडिंग म्हणजे दिवसाला वीस पानं, डोकं गरम. दुसरी रीडिंग पन्नास. तिसरीला दिवसाला शंभर-सव्वाशे पानं उडतात, कारण तेव्हा फक्त अधोरेखित केलेलंच वाचायचं असतं. शेजारचा कितव्या रीडिंगला आहे यावर सगळ्यांचा डोळा असतो. तिसऱ्यावेळी वाचतो ते वाचन असतं की ओळखपरेड, हा प्रश्न मला आहे, पण पेपर निघतो तेव्हा ओळखपरेडच कामी येते. नुकसान एवढंच की घरी आल्यावर साधी कथा वाचायला घेतली तरी हातात पेन्सिल येते आणि नायकाच्या जन्मसालाखाली रेघ मारली जाते.

जिल्हा परिषद शिक्षिका, धारणी तालुका, मेळघाट

आमच्याकडं वेग हा सरकारी विषय आहे. २०२१ पासून निपुण भारत अभियानात दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलानं किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. लक्ष्याला माझा विरोध नाही. पण माझ्या वर्गातली बहुतेक पोरं घरी कोरकू बोलतात. कोरकूचं मराठीशी काही नातं नाही, ती मुंडा कुळातली भाषा. तर होतं असं की पोरगं बाराखडी पक्की झाली की धडा धडाधड वाचून दाखवतं, जोडाक्षरंसुद्धा. घड्याळ लावलं तर लक्ष्याच्या पुढं. आणि "मग काय झालं रे?" विचारलं की माझ्या तोंडाकडं बघतं.

आता मी उलटं करते. धड्यातली गोष्ट आधी कोरकूत सांगायला लावते, वर्गातल्याच मोठ्या मुलीकडून. मग मराठीत वाचायला घेतो. त्यानंतर पोरं हळू वाचतात. मधेच थांबतात, हसतात, मागं जातात. भेटीला आलेल्या साहेबांना हे थांबणं म्हणजे अडखळणं वाटतं. अडखळणारं मूल आणि थांबणारं मूल यांतला फरक घड्याळात दिसत नाही, त्याच्या चेहऱ्याकडं बघावं लागतं. अर्थात खरंच अडखळणारीही आहेत. एकेक अक्षर लावता लावता वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतात. त्यांच्यासाठी वेग वाढणं फार गरजेचं आहे, त्याशिवाय अर्थ हाती लागतच नाही.

एसटीनं रोज आर्वी-वर्धा करणारा

बसमध्ये शून्य पानं. दोन ओळींत मळमळतं. खड्डे बुजले तरी मळमळतं. बाकीच्यांना कसं जमतं देव जाणे.

प्रॉम्प्टर, ब्रह्मपुरी तालुका, झाडीपट्टी

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की आमच्याकडं रातभर नाटकं चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथं कंपन्यांची कार्यालयं. तालमी थोड्याच होतात, त्यामुळे विंगेत पुस्तक घेऊन बसलेल्या माणसावर बराच भार. मी ते काम करतो. तोंडानं जे वाक्य देतो त्याच्या पुढच्या वाक्यावर डोळा ठेवावा लागतो. नटाला पहिले तीन शब्द मिळाले की तो सुटतो. पण नवखा असला तर अख्खं वाक्य द्यावं लागतं, आणि तेही टाळ्या, हशा, बाजूच्या मंडपातला भोंगा यांच्यात. एखाद्यानं पदरचं टाकलं की मी पानावर कुठं आहे ते शोधायची धावपळ. दोन पानं पुढं उडी मारून पकडावं लागतं.

वेग माझा नाहीच, नटाचा आहे. विनोदी नट प्रेक्षक हसतात तोवर थांबतो, तेवढा वेळ मी बोट ठेवून बसलेला. आता घरी वर्तमानपत्रसुद्धा मला ओठ हलवल्याशिवाय वाचता येत नाही, बायको हसते. मनातल्या मनात वाचणारे तासाला तीस पानं म्हणतात, मला पटतं, पण माझं तीन-चार तासांचं नाटक तीन-चार तासांतच वाचून होतं. आधी नाही की मागून नाही.

निवृत्त विज्ञान शिक्षक, वरूड

वरचं वाचून राहवलं नाही. प्रॉम्प्टरभाऊ, तुम्ही सांगता ते बरोबर आहे. तोंडाला मर्यादा आहे. मार्क ब्रिसबार्ट या संशोधकानं २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून इंग्रजीचा हिशेब मांडला. प्रौढ माणूस मनात वाचतो तेव्हा माहितीपर मजकुराचे मिनिटाला सरासरी २३८ शब्द, मोठ्यानं वाचताना १८३. हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, "वावरातल्यांनासुद्धा" हा आपला एक शब्द.

डोळा ओळीवरून सरकत जात नाही, तो उड्या मारतो. एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, पुढं उडी घेतो, आणि मधूनच मागंही येतो. चांगल्या वाचकाच्या उड्यांतल्याही दहा-पंधरा टक्के मागं जाणाऱ्या असतात. तेव्हा धारणीच्या बाईंची पोरं मागं जातात यात बिघडलेलं काही नाही. आणि आर्वीकर, कानाच्या आतलं यंत्र सांगतं शरीर हलतंय, डोळा सांगतो पान स्थिर आहे. या भांडणात पोट ढवळतं. खिडकीबाहेर लांब बघा, पुस्तक पिशवीत ठेवा.

एक गोष्ट मात्र कोणीच लिहिली नाही, म्हणून लिहितो. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं दिसेनासं होतं. गावात कितीतरी माणसं म्हणतात, "आता वाचनात मन लागत नाही." मन लागत नाही की अक्षर लागत नाही, हे आधी तपासा. आमच्या शेजारी एकांनी वर्तमानपत्र बंद केलं होतं, डोकं दुखतं म्हणून. तपासणी शिबिरात नंबर निघाला, चष्मा आला, आणि आता ते राशिभविष्यापासून निविदा सूचनेपर्यंत सगळं वाचतात आणि मला ऐकवतात. दिग्रसचे दादा, बॅटरीच्या उजेडात वाचताना त्रास होत असेल तर तुम्हीही एकदा दाखवून घ्या.

हिंगणघाटचा एक पट्टीचा वाचक

माझे तासाला साठ-सत्तर. रहस्यकथा असेल तर ऐंशीही. गुपित सांगतो: निसर्गवर्णन गाळतो. सूर्यास्त, पाखरं, डोंगर, सगळं. संवाद तेवढे वाचतो. कवितेचं पुस्तक तर चहा होईपर्यंत.

गृहिणी, बाळापूर (पुन्हा)

हिंगणघाटचे भाऊ, तुम्हाला म्हैस कशी दिसावी!

वाचनालयवाला, दारव्हा

मधे थोडं माझंही. देवघेवीचं रजिस्टर चाळलं. मृग लागला की पुस्तकं न वाचताच परत येतात, लोक म्हणतात ठेवून घ्या, पेरणी झाल्यावर बघू. मग डवरणी, निंदण, फवारणी. सोयाबीन काढणीच्या दिवसांत वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला येणारे म्हातारे सोडून कोणी नसतं. कापूस वेचणी संपत आली की महिला परत यायला लागतात. एप्रिल-मे हा आमचा हंगाम, उन्हामुळं दुपारी कोणी बाहेर पडत नाही. तेव्हा जो माणूस मला चार दिवसांत पुस्तक संपवणारा वाटतो तोच जुलैत दोनदा मुदत वाढवणारा असतो. दंड आम्ही घेत नाही, तसाही तो मिळाला नसता.

रिद्धपूरजवळचा वाचक, अमरावती

माझा वेग इथं सगळ्यात कमी असेल. घरात महानुभाव परंपरेतली आजोबांची पोथी आहे, सकळ लिपीतली. ही लिपी म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, किल्ली असल्याशिवाय उलगडत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती उलगडल्यावर हे साहित्य पंथाबाहेरच्या अभ्यासकांना कळायला लागलं. आजोबा ती पोथी वर्तमानपत्रासारखी वाचायचे. मी वहीत आधी अक्षरं बदलून लिहितो, मग शब्द तोडतो कारण जुन्या पोथीत शब्दांमधे जागा सोडलेली नसते, मग जुनी मराठी लावतो. एका पानाला अख्खा रविवार जातो. वीज, उजेड, चष्मा सगळं ठीक आहे माझं.

पहिल्या चार पानांत काही अक्षरं अशी आहेत की किल्ली लावूनही अर्थ लागत नाही. शाई पसरली आहे की नकलणाऱ्यानंच चूक केली, कळत नाही. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे, तिथं विचारणार आहे. पण इथं वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी अशी पोथी असेल किंवा पंथाचा उपदेश घेतलेलं कोणी जाणकार माहीत असेल तर जरूर कळवा, मी वही घेऊन येईन.