एन्डाउमेंट : देणगी, अक्षयनिधी की दत्ती?

टिळकवाडीकर
आमच्या बेळगावच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी मी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करीत आहे. निरनिराळ्या देशांतील विद्यापीठे कोणाच्या पैशावर चालतात, हा त्याचा विषय. जर्मनी आणि इंग्लंड फारसे न अडता उरकले, पण अमेरिकेपाशी ‘एन्डाउमेंट’ या शब्दाला अडखळलो. हार्वर्डच्या अशा निधीत ५० अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम आहे. ती गुंतवून ठेवलेली असते आणि दरवर्षी तिच्यातून साधारण ५ टक्के विद्यापीठाच्या खर्चाला मिळतात. मी सरळ ‘देणगी’ लिहिले आणि ‘तिथली काही मोठी विद्यापीठे देणगीवर उभी आहेत’ असे वाक्य केले. कच्चा मजकूर काकांना वाचायला दिला, तर ते म्हणाले, “म्हणजे तिकडं पण डोनेशन घेतात की रे!” १९८९ साली चुलतभावाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी काकूंच्या पाटल्या मोडल्या होत्या, आणि हातात पडलेल्या गुलाबी पावतीवर ‘इमारत निधीस स्वखुशीने देणगी’ असे लिहिलेले होते. ती पावती काकांनी अजून जपून ठेवली आहे. दुसरा कोणता शब्द वापरावा?

खानापूरची मास्तरीण
काकांचे काही चुकले नाही. कर्नाटकाने १९८४ साली कायदा करून कॅपिटेशन फीवर, म्हणजे प्रवेशासाठी शुल्काखेरीज उकळल्या जाणाऱ्या रकमेवर, बंदी घातली, तेव्हापासून तोच पैसा ‘देणगी’ या नावाने घेतला जाऊ लागला, आणि १९९२ साली कर्नाटकातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती फी बेकायदेशीर ठरवली तरी ते थांबले नाही, त्यामुळे आपल्या भागात तो शब्द पार नासला आहे. ‘अक्षयनिधी’ लिहा. मुद्दल तसेच राहते आणि उत्पन्न तेवढे खर्ची पडते, हे त्यातून नेमके कळते.

जाता जाता एक शंका. जर्मनीपुढे तुम्ही ‘मोफत’ लिहिले आहे का? तिथल्या सरकारी विद्यापीठांनी शिक्षणशुल्क २०१४ पर्यंत रद्द केले हे खरे, पण दर सहामाहीला विद्यार्थ्यांकडून एक ठरावीक रक्कम घेतात, तिला मी ‘वर्गणी’ म्हणेन. शिवाय बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १५०० युरो भरावे लागतात. तुमच्या अंकाच्या वाचकांची मुले हीच बाहेरची मुले आहेत.

निपाणीकर
‘अक्षय’ हा शब्द पोथीत शोभतो, हिशेबात शोभत नाही. २००८ च्या मंदीत हार्वर्डच्याच निधीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग वर्षभरात वाहून गेला, तेव्हा कोणती अक्षयता उरली? ‘गंगाजळी’ हा खरा मराठी शब्द आहे. आमच्या आजोबांच्या वखारीच्या वहीत तंबाखूच्या हंगामातून बाजूला काढलेली रक्कम याच नावाखाली लिहीत असत.

खानापूरची मास्तरीण
गंगाजळी अडीअडचणीला मोडतात. हा निधी मोडायचा नसतो; पुष्कळदा देणाऱ्याने अमुक अध्यासनासाठी, तमुक शिष्यवृत्तीसाठी अशी अट घातलेली असते आणि विद्यापीठाला ती ओलांडता येत नाही. तुमच्या आजोबांच्या रकमेवर अशी काही अट होती का?

अनगोळकर
आपण सगळेच रोज एका पाटीखालून जातो आणि ती वाचत नाही. देवस्थानांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या कन्नड पाटीवर ‘धार्मिक दत्ती इलाखे’ असे असते. तिथली ‘दत्ती’ म्हणजेच एन्डाउमेंट. आमच्या कॉलेजात कुणाच्या स्मरणार्थ ठेवलेल्या रकमेच्या व्याजातून व्याख्यान झाले, की कन्नड निमंत्रणपत्रिकेवर ‘दत्ती उपन्यास’ छापत. (उपन्यास म्हणजे व्याख्यान. हिंदीच्या सवयीने मी पहिल्या वर्षी कादंबरीवाचन ऐकायला म्हणून जाऊन बसलो होतो.) अमेरिकेचे तरी कौतुक कशाला? याच जिल्ह्यातल्या शिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी शतकापूर्वी आपली इस्टेट मृत्युपत्राने शिक्षणासाठी ठेवली, आणि बेळगावात त्यांच्या नावाचे कॉलेज १९३३ पासून उभे आहे. त्या व्यवहाराला ‘दत्ती’ हा शब्द तंतोतंत लागू पडतो.

निपाणीकर
१९५६ पासून ज्या भागात मराठी कागदपत्रांसाठी माणसे झगडत आली, तिथल्या मराठी दिवाळी अंकात सरकारी पाटीवरचा कन्नड शब्द छापायचा, ही कल्पना मला सोसत नाही. एकेक शब्द असा आत घेतला, तर उद्या कुलगुरूंना ‘कुलपती’ म्हणायची वेळ येईल.

अनगोळकर
दत्ती संस्कृत आहे. दत्त आणि दत्तक आपण घरात वापरतो, तिने तेवढे काय पाप केले? आणि देणगीचेच म्हणाल, तर कन्नडमध्ये ‘देणिगे’ आहे. मिरवणुकीला ‘मेरवणिगे’, वाढीला ‘बेळवणिगे’, शिवणाला ‘होलिगे’, असा हा ‘इगे’ प्रत्यय कन्नडमध्ये जागोजागी भेटतो. देण्याला कन्नड धातू ‘कोडु’ आहे, म्हणजे ‘देणे’ आपले. पण शेवटची ‘गी’ तिकडून आली असावी, असे माझे मत आहे. तुमचा शुद्ध मराठी शब्द निम्मा हुबळीच्या गाडीने आलेला आहे.

निपाणीकर
उलट का नसेल? ‘देणगी’ इथून गेली आणि तिकडच्या जिभेवर तिची ‘देणिगे’ झाली, असेच मी म्हणेन. घाटावरच्या ज्या खेड्यांत कुणाला कन्नडचा गंध नाही, तिथेही देणगीच म्हणतात.

खानापूरची मास्तरीण
विजयपूर जिल्ह्यातल्या सालोटगीचा इ.स. ९४५ चा शिलालेख आठवतो. तिथल्या विद्याशाळेला जमीन दिलेली होती, तीतली १२ निवर्तने (जमिनीचे जुने माप) केवळ दिव्यांच्या खर्चासाठी होती, आणि गावात लग्न, मुंज किंवा जावळ झाले की शाळेला ठरलेली रक्कम द्यावी लागे. जमिनीचे उत्पन्न झाले एन्डाउमेंट. पण लग्नाची ती रक्कम कर, वर्गणी की देणगी? इंग्लंडचीही हीच अडचण आहे. १९९८ साली वर्षाला १००० पौंड शुल्क सुरू झाले, २०१२ मध्ये ते ९००० पर्यंत गेले, पण विद्यार्थी ते सरकारी कर्जातून भरतो आणि मिळकत ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावरच पगारातून फेडतो. याला ‘शुल्क’ म्हणावे की उशिरा लागणारा कर, हे टिळकवाडीकरांनी कसे उरकले, ते मला वाचायचे आहे.

टिळकवाडीकर
इंग्लंडचा परिच्छेद पुन्हा लिहायला काढला आहे, आणि जर्मनीपुढचे ‘मोफत’ खोडले आहे. अंक शुक्रवारी छापखान्यात जाणार आहे. काल काकांना तिन्ही शब्द वाचून दाखवले. ‘अक्षयनिधी’ला त्यांनी पतसंस्थेचे नाव समजून व्याजाचा दर विचारला, ‘गंगाजळी’ला काहीच बोलले नाहीत, आणि ‘दत्ती’ ऐकल्यावर “कुठल्या देवळाची?” म्हणाले.

अनगोळकर
म्हणजे त्यांना समजली!

निपाणीकर
देवळापुरती समजली. आणि ‘गी’चा मुद्दा मी सोडलेला नाही, ‘मिरवणूक’मध्ये ती का नाही, हे आधी सांगा.