पॅट्रोल बोटीच्या गोळ्यांना लिमिट लावली पण मित्राची गन भरतच नाही (आर्मा ३)

गाळात_रुतलेला
मंडळी जरा मदत करा. आर्मा ३ या लष्करी गेममध्ये नदीतल्या गस्तीचं मिशन बनवतोय, प्रेरी फायर डीएलसीमधली (म्हणजे गेमच्या जोडपॅकमधली) पीबीआर ही नदीतली गस्ती बोट घेतलीय, मी सुकाणूवर, मित्र पुढच्या जोडगनवर आणि मागच्या गनवर एआय (गेमच चालवतो तो गडी). पूर्ण गोळ्या ठेवल्या तर आम्ही दिसेल ते झुडूप भाजत सुटतो, खेळात काही मजाच राहत नाही, म्हणून एडिटरमध्ये ॲम्युनिशनचा स्लायडर ३० टक्क्यांवर आणला. तर आता पहिल्या वळणाच्या आधीच पुढची गन ठणठण गोपाळ. मग धक्क्याला बोट लागली की सेटव्हेईकलॲमो या गोळ्या भरायच्या कमांडने परत फुल करायची अशी स्क्रिप्ट लिहिली. एकटा खेळून बघितलं तर मस्त चालते, मित्र गनवर बसला की त्याची गन रिकामी ती रिकामीच, आणि गंमत म्हणजे मागची भरते!! तीनदा धक्क्याला बोट घासून झाली. शिवाय तो म्हणतो तू बोट वळवलीस की माझा नेम सरकतो. याला काही सेटिंग आहे का, की मीच वाईट ड्रायव्हर?

अर्धा_पट्टा
मागची भरते यातच उत्तर आलं की. त्या कमांडचा परिणाम फक्त ज्या मशीनवर तो टरेट (गनचा फिरता मोर्चा) लोकल आहे, म्हणजे ज्या कॉम्प्युटरकडे त्याचा ताबा आहे, तिथेच होतो. बोट लोकल असते ड्रायव्हरकडे म्हणजे तुझ्याकडे, पण टरेट लोकल असतो त्यावर बसलेल्या गनरकडे. मागचा एआय तुझ्या ग्रुपमध्ये आहे ना, तो तुझ्याच मशीनवर चालतो म्हणून त्याची गन भरली, मित्राची त्याच्या मशीनवर आहे तिथे तुझी स्क्रिप्ट पोचलीच नाही. रिमोटएक्झेकने (दुसऱ्यांच्या मशीनवर कमांड चालवणारी कमांड) ती सगळ्यांकडे चालव, ज्याच्याकडे जो टरेट आहे तो भरेल, बाकीच्यांकडे काही होणार नाही. मी याच भानगडीत एक अख्खा रविवार घालवलाय, तोही रणगाड्यावर.

ब्राउनिंगवाला
वरचं बरोबर आहे. पण मला विचारशील तर तो टक्केवारीचा स्लायडरच काढून टाक.

थोडा हिशोब करू. त्या बोटीवर पुढे .५० इंची जुळ्या एम२ मशीनगन आणि मागे एक एम२. एम२ मिनिटाला ४५० ते ६०० गोळ्या ओकते आणि नेहमीच्या डब्यातला पट्टा १०० चा, म्हणजे ट्रिगर दाबून धरला तर डबा १० ते १३ सेकंदात खलास. ३० टक्के म्हणजे तू गनरला मोजून काही सेकंद दिलेस, तो तरी काय करणार. दुसऱ्या महायुद्धातल्या पीटी (टॉर्पेडो) बोटींवरच्या गन बघ, ऑर्लिकॉन २० मिमी तोफेचा ड्रम ६० गोळ्यांचा, मिनिटाला ४५० च्या वेगाने ८ सेकंद. बोफोर्स ४० मिमीला ४-४ च्या क्लिपा, लोडर सतत वरून ढकलत राहिला तरच १२० चा वेग टिकतो, हात थांबला की दोन सेकंदात गन गप्प. म्हणजे खरी लिमिट बोटीत एकूण गोळ्या किती ही नव्हतीच, डबा बदलायला लागणारा वेळ ही होती. मिशनमध्ये तेच आण. टरेटमधली मॅगझिन्स काढ, मोजून डबे परत घाल आणि रीलोड लांबव. एकूण गोळ्या भरपूर असू देत, पण डबा बदलताना समोरच्या काठावरून फायर येत असला पाहिजे. मग बघ मित्र कसा आपोआप मोजून मारतो ते.

आणि त्याला सांग बोट ट्रिगरवर चिकटवायचं नाही. अमेरिकी मॅन्युअलात एम२ चा स्लो फायर म्हणजे मिनिटाला ४० पेक्षा कमी, तेही ५ ते ७ गोळ्यांच्या तुकड्यांनी.

पाणसर्प
मला हे लिमिट प्रकरण पटत नाही राव. दिवसभर काम करून रात्री तासभर खेळायला बसायचं आणि तिथेही काटकसर? त्यापेक्षा गोळ्या अमर्याद ठेव आणि बॅरल तापायची स्क्रिप्ट लाव, फार मारलं की गन अर्धा मिनिट बंद, संपलं. वॉर थंडर गेममध्येसुद्धा मला एकूण साठा संपण्याचा त्रास क्वचित होतो, हाताशी असलेल्या गोळ्या संपून रीलोडला वेळ लागतो तिथेच बोट बुडते.

ब्राउनिंगवाला
@पाणसर्प शेवटच्या वाक्यात तू माझंच म्हणणं मांडलंस 😄 तापणारी बॅरल काय आणि डबा काय, दोन्हीत गन मधेच गप्प होते हे महत्त्वाचं. फरक एवढाच की डबा संपतोय हे गनरला काउंटरवर दिसतं.

अर्धा_पट्टा
नेमाचं राहिलंच. मशीनगनच्या टरेटला बहुतेक स्टॅबिलायझर नसतो, हल (बोटीचं धड) वळला की बॅरल बरोबर वळते, त्यामुळे सेटिंग शोधत बसू नकोस, चूक तुझीच आहे. त्यातून खरी पीबीआर वॉटरजेटवर चालायची, जवळजवळ जागच्या जागी फिरायची, त्यामुळे ड्रायव्हरला वळवायचा मोह फार. काठाला समांतर सरळ धाव, गनरला पाच-सहा सेकंद स्थिर दे, मग "वळतोय" असं ओरड आणि मग वळ. आमच्यात ओरडल्याशिवाय वळणाऱ्याला पुढच्या फेरीत मागच्या गनवर बसवतात. गनरने माउसची सेन्सिटिव्हिटी टरेटसाठी थोडी कमी केली तर आणखी बरं. आणि मागच्या एआयला सुरुवातीलाच होल्ड फायर दे, नाहीतर तो लांबच्या ठिपक्यांवर सगळे डबे उडवतो.

गाळात_रुतलेला
रिमोटएक्झेकने चाललं!! धक्क्याला लागलो आणि मित्र हेडफोनमध्ये ओरडला "भरली भरली". डब्यांचंही केलं, पुढे सहा आणि मागे तीन ठेवलेत, पहिल्याच फेरीत डबा बदलताना नेमकं डाव्या काठावरून रॉकेट आलं आणि मी घाबरून न ओरडता वळलो. आता मागच्या गनवर आहे. इथून काही दिसत नाही, एआय बोट चालवतोय आणि सरळ बांबूच्या बेटात घुसतोय, त्याला थांबवायची कमांड कुठली?

पाणसर्प
त्याच्यावर इलाज नाही. उडी मार.