रोजचा अध्याय वाचून झाला, पुढे काय?

ताई: सर्वांना नमस्कार. वर्षभरात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पूर्ण करण्याचा तक्ता आपण सर्वांनी घेतला आहे आणि रोज सकाळी ‘वाचून झाले’ असे या ग्रुपवर कळवतो. वाचन होते यात शंका नाही. मात्र दुपारपर्यंत त्यातले काय लक्षात राहते आणि त्यामुळे माझ्या वागण्यात काय फरक पडतो, याचे उत्तर मला देता येत नाही. म्हणून रोजच्या भागातून एकच वचन निवडून ते दिवसभर मनात ठेवावे, असे मला वाटते. आजच्या भागातील यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील एकोणतिसाव्या अध्यायाचे अकरावे वचन, मी निवडले आहे. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, या आश्वासनावर नव्या नोकरीचा निर्णय सोपवावा, असा माझा विचार आहे.

मावशी: आमेन. तुझ्या निर्णयासाठी प्रार्थना करीत आहे.

काका: वचन मनात ठेवण्याची कल्पना चांगली आहे, परंतु निवडलेल्या वचनाच्या मागेपुढे काय आहे ते पाहिल्याशिवाय त्यावर निर्णय सोपवू नये, असे मला वाटते. यिर्मया २९ हे यरुशलेमेहून बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना पाठवलेले पत्र आहे. आपण लवकरच परत जाऊ असे सांगणारे संदेष्टे त्या लोकांमध्ये होते आणि लोकांनाही तेच ऐकायचे होते. पत्र मात्र सांगते की घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे आणि त्यानंतरच अकरावे वचन येते. म्हणजे ते ऐकणाऱ्या पुष्कळ प्रौढ माणसांना परतीचा दिवस स्वतःच्या डोळ्यांनी दिसणार नव्हता. हे लक्षात घेतले की आश्वासन कमी होत नाही, पण त्याचे आचरण बदलते. नवी नोकरी मिळेल की नाही याचे उत्तर त्या वचनात नाही. जिथे नाइलाजाने राहावे लागत आहे तिथल्या लोकांचे भले करण्याची आज्ञा मात्र त्याच पानावर स्पष्ट आहे, आणि तिचे पालन तुझ्या सध्याच्या कार्यालयात आजच सुरू करता येईल.

दादा: काका, तुमचे म्हणणे पटते, तरीही एक शंका राहते. प्रभू एका वचनातूनही माणसाशी बोलतो, असा मंडळीचा जुना अनुभव आहे. संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत ‘घे आणि वाच’ असे शब्द ऐकून प्रेषित पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील जी ओळ प्रथम दृष्टीस पडली तिने त्यांचे आयुष्य पालटले. त्यांनी तर मागचेपुढचे काही पाहिले नव्हते.

काका: उदाहरण उत्तम आहे, पण ते पूर्ण पाहू या. पौलाची पत्रे ऑगस्टीन यांनी त्या दिवशी पहिल्यांदा हाती घेतली नव्हती. त्यांचे वाचन आधीपासून चालू होते आणि मनातील झगडाही जुना होता. शिवाय जी ओळ त्यांच्या दृष्टीस पडली ती देहवासनेचे जीवन सोडून प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करण्याची आज्ञा होती, म्हणजे जे सोडणे त्यांना सर्वांत कठीण जात होते नेमके तेच. त्यानंतर त्यांनी वक्तृत्वशास्त्र शिकवण्याचे काम सोडले आणि पुढच्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला हवे तेच सांगणारे वचन हाती आले, तर मी थोडा सावध होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात, अरण्यात उपास केलेल्या येशूची परीक्षा घेताना, सैतानानेही स्तोत्र ९१ मधील वचन म्हणून दाखवले होते. प्रभूने जी तीन उत्तरे दिली ती ‘अनुवाद’ नावाच्या जुन्या करारातील पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतील आहेत, म्हणजे अरण्यात इस्राएल लोकांना जे शिकवले गेले त्याच भागातील. स्वतः अरण्यात उपाशी असताना त्याच्या ओठी अरण्याचाच भाग यावा, हे वरवरच्या वाचनाने होत नाही.

वहिनी: अध्यायांविषयी एक छोटी गोष्ट सांगते. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची आहे आणि नव्या करारातील वचनांचे क्रमांक १५५१ मध्ये छापले गेले. त्यामुळे आपला ‘आजचा भाग’ कधी कधी विचाराच्या मध्येच तुटतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल सांगतो की खाण्यापिण्याच्या बाबतीत स्वतःचे नव्हे, तर दुसऱ्याचे हित पाहावे. या विचाराचा शेवट, म्हणजे ख्रिस्ताचे अनुकरण करणाऱ्या पौलाचे आपण अनुकरण करावे हे वाक्य, अकराव्या अध्यायाच्या आरंभी आहे. तक्त्याप्रमाणे थांबलो तर ते दुसऱ्या दिवसावर जाते.

ताई: मग तक्ताच सोडून द्यावा का? पवित्र शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत, रोज तीन वाचले तरी वर्षाअखेर ९४ उरतात. या घाईत मनन होणे मला अवघड वाटते.

काका: तक्ता सोडावा असे मी म्हणणार नाही, कारण तो नसता तर लेवीय किंवा गणना ही पुस्तके आपण कधी उघडलीच नसती. रॉबर्ट मरे मॅकशेन या पाळकांनी १८४२ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील आपल्या मंडळीसाठी वाचनाचा जो तक्ता तयार केला तो आजही वापरात आहे. त्यात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. मात्र त्याबरोबरच त्यांनी धोकेही लिहून ठेवले होते. वाचन केवळ रीत होऊन बसेल, वाचले म्हणून मनात धार्मिकतेचा अभिमान येईल, वाचन निष्काळजीपणे होईल आणि काहींना ते न पेलणारे जू वाटेल, हे ते धोके. पहिले तीन मला आपल्या ग्रुपवरही दिसतात.

आत्या: भाऊंचे, म्हणजे तुमच्या काकांचे, म्हणणे थोडे कडक आहे, पण खोटे नाही. लेवीयाचा उल्लेख निघालाच आहे म्हणून सांगते. हे पुस्तक यज्ञ आणि शुद्धतेच्या नियमांचे म्हणून आपण भराभर ओलांडतो, पण एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नये असे सांगितले आहे, आणि त्याच अध्यायात पाच वचनांनंतर शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. प्रभूने सर्वांत मोठ्या आज्ञांमध्ये तिचा उल्लेख केला हे आपल्याला पाठ असते, पण ती मजुरीच्या इतक्या जवळ आहे हे किती जणांना ठाऊक असते? आपल्यासाठी काम करणाऱ्या माणसाचे पैसे ‘उद्या देतो’ म्हणून अडवून ठेवणे हा प्रीतीचाच प्रश्न आहे, हे मला त्या जवळिकीमुळे कळले. आता महिन्याचा हिशेब मी टाळत नाही. माझ्यापुरते आचरण म्हणजे इतकेच, आणि त्यात भावनेचा भाग फारच थोडा आहे.

वहिनी: आत्या, तरी प्रत्येक भागातून काही करण्यासारखे निघालेच पाहिजे, असा आग्रह धरू नये, असे मला वाटते. स्तोत्र ८८ काळोखातच संपते. त्यात ना आज्ञा आहे ना दिलासा. मी ते वाचले त्या दिवशी मला काहीच लागू पडत नव्हते. पण पुढे आमच्या मैत्रिणीच्या घरी दुःखद घटना घडली, तेव्हा तिला धीराची वचने पाठवण्याऐवजी आम्ही दोघींनी तेच स्तोत्र मोठ्याने वाचले, आणि असेही देवापुढे बोलता येते हे तिला प्रथमच कळले.

दादा: याकोबाच्या पत्रात वचन ऐकून न आचरणाऱ्याला आरशात तोंड पाहून लगेच विसरणारा म्हटले आहे. मग आपण ‘वाचून झाले’ ऐवजी ‘आज हे केले’ असे येथे लिहायला सुरुवात करू या का? त्यामुळे एकमेकांना विचारताही येईल.

काका: त्याला माझा विरोध आहे. मत्तय ६ मध्ये दान, प्रार्थना आणि उपास या तिन्ही गोष्टी लोकांनी पाहाव्यात म्हणून करू नयेत असे सांगितले आहे, आणि आज्ञापालनाची हजेरी घेणारा ग्रुप तिकडेच घसरेल. मत्तय ५ प्रमाणे कोणी रुसलेल्या भावाशी समेट करून आला, तर ते त्या दोघांत आणि देवाजवळ राहू द्यावे. येथे आपण भाग समजला की नाही याची चर्चा करावी. ज्याला विचारणा हवी असेल त्याने एका विश्वासू माणसाला खासगीत सांगावे.

ताई: मान्य आहे. यिर्मया २९ मी आता संपूर्ण वाचला आणि नोकरीबद्दल त्या वचनाचा आधार घेणार नाही. तो निर्णय सल्ला आणि प्रार्थना यांनी घेईन. कार्यालयात ज्या सहकाऱ्याशी मी कामापुरतेही नीट बोलत नाही, त्याच्याविषयी काकांचे म्हणणे मात्र मला लागले आहे. आता एक विनंती आहे. तक्ता पुढच्या महिन्यापासून निम्म्या वेगाने चालवावा आणि छोटी पत्रे अखंड वाचावीत. उद्या फिलेमोनाचे पत्र घेऊ या का? त्यात पंचवीसच वचने आहेत.

काका: अवश्य घेऊ. तो एकच अध्याय आहे, त्यामुळे मध्ये कुठे थांबावे हा प्रश्नही नाही.

मावशी: मी दोन वेळा वाचून मग लिहीन.