१९०८ची मँचेस्टर पोटनिवडणूक: खासदार असलेल्या चर्चिल यांना पुन्हा का उभे राहावे लागले?

प्रश्न – वाचक, दादर
नमस्कार. ग्रंथालयात चर्चिल यांच्याविषयी वाचताना एका तपशिलापाशी अडलो. १९०६ साली ते मँचेस्टर वायव्य मतदारसंघातून १,२४१ मतांनी निवडून आले होते. तरीही एप्रिल १९०८मध्ये त्याच जागेसाठी त्यांना पुन्हा उभे राहावे लागले आणि त्यात ते पडले. या दोन वर्षांत त्यांनी पक्ष बदलला नव्हता, की कोणत्या न्यायालयाने निवड रद्द केली नव्हती. आपल्याकडे आमदार मंत्री होतो तेव्हा शपथ घेऊन थेट कामाला लागतो. तिथे वेगळे काय होते?

उत्तर – वकील, बोरिवली
मंत्रिपद मिळाले, हेच कारण. ॲस्क्विथ पंतप्रधान झाल्यावर त्यांनी चर्चिल यांना व्यापार मंडळाचे अध्यक्ष म्हणून मंत्रिमंडळात घेतले. राजाने पगारी पदांची खिरापत वाटून खासदार आपल्याकडे वळवू नयेत, यासाठी असे पद स्वीकारणाऱ्याची जागा रिकामी होऊन त्याने मतदारांचा कौल नव्याने घ्यावा, अशी तरतूद १७०७च्या कायद्यात होती. पुष्कळदा ही पोटनिवडणूक बिनविरोध होई. पण १९०४ साली हुजूर पक्ष सोडून गेलेल्या चर्चिल यांना तो पक्ष सहजासहजी सोडणार नव्हता. हा नियम १९१९मध्ये सैल झाला आणि १९२६मध्ये गेला. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १९१मधील ‘लाभाचे पद’ हे त्याच विचारातून आले आहे, मात्र तिथे मंत्रिपद स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे.

उत्तर – इतिहासप्रेमी, गिरगाव
वकीलसाहेबांनी कायदा नेमका सांगितला. मला त्या प्रचाराविषयी लिहावेसे वाटते, कारण ज्यांना मताचा अधिकारच नव्हता अशा स्त्रियांनी तो गाजवला. सरकारच्या मद्यपरवाना विधेयकामुळे मद्यालयांत काम करणाऱ्या मुलींच्या पोटावर पाय येणार होता. त्यांची बाजू घेऊन स्त्री-मताधिकाराच्या कार्यकर्त्या ईव्हा गोर-बूथ मैदानात उतरल्या आणि त्यांची बहीण कॉन्स्टन्स मार्कीविच चार पांढऱ्या घोड्यांची गाडी स्वतः हाकत शहरभर फिरल्या. ‘तुला स्वयंपाक येतो का?’ असे गर्दीतून कोणी ओरडले, तेव्हा ‘येतो, तुला चार घोड्यांची गाडी हाकता येते का?’ असे त्यांनी विचारल्याचे सांगतात. याच मार्कीविच १९१८मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या, मात्र आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी ती जागा घेतली नाही.

२४ एप्रिलच्या मतदानात हुजूर पक्षाचे जॉयन्सन-हिक्स यांना ५,४१७, चर्चिल यांना ४,९८८ आणि समाजवादी डॅन आयर्विंग यांना २७६ मते पडली. चर्चिल यांचे मंत्रिपद मात्र टिकले, कारण ९ मे रोजी ते स्कॉटलंडमधील डंडीहून निवडून आले.

उत्तर – गिरणगावकर, लालबाग
माझे आजोबा परळच्या गिरणीत साचे चालवत, त्यामुळे मँचेस्टर हे नाव आमच्या घरात कापडाच्या संदर्भातच घेतले जाई. त्या शहराचा व्यापारी भाग याच मतदारसंघात होता आणि खुला व्यापार हा तिथे प्रचाराचा मोठा मुद्दा होता. इकडे मात्र लँकेशायरच्या मालाला स्पर्धा नको म्हणून आमच्या गिरण्यांच्या कापडावर १८९६पासून साडेतीन टक्के अबकारी कर बसत होता. या पोटनिवडणुकीनंतर, जुलै १९०८मध्ये, लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. मँचेस्टरच्या साडेदहा हजार मतदारांना मंत्र्याला घरी पाठवता येत होते. आमच्या आजोबांच्या पिढीला तो कर लावणाऱ्या एकालाही हटवता येत नव्हते.

वाचक, दादर
सर्वांचे मनापासून आभार. १७०७च्या कायद्याचा धागा माझ्या वाचनातून पूर्णपणे निसटला होता.